गाडीत कोण म्हणून बसला होता?
(चांदूर रेल्वे येथील बैठकीतील भाषण)



फेब्रुवारी २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यात किनगावजवळ मध्यरात्री पपईचा ट्रक उलटला. मालावर बसलेले किमान पंधरा मजूर गेले. त्यांत बाया होत्या, लेकरे होती. त्याच वर्षी २० ऑगस्टला सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर सळया भरलेला टिप्पर उलटला आणि डझनभर मजूर मेले. तोच महामार्ग आपल्या चांदूर तालुक्यातूनही जातो.

अशी बातमी आली की आपण विचारतो, चूक कोणाची? ड्रायव्हरला डुलकी लागली काय, माल जास्त भरला होता काय? ते पोलीस तपासतात, फौजदारी खटला चालतो. पण त्यात ड्रायव्हर सुटला म्हणून भरपाई बुडत नाही. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते. आणि पैसे विमा कंपनीने द्यायचे की गाडीमालकाने, हे ठरवताना तिथे आणखी एक प्रश्न निघतो : मेलेला माणूस गाडीत कोण म्हणून बसला होता?

रस्त्याने पायी जाणाऱ्याला ट्रकने उडवले, तर विमा कंपनी बांधील. मालासोबत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस बसला असेल, तर १९९४ च्या दुरुस्तीपासून तोही विम्यात येतो. मात्र त्याने केबिनमध्ये बसावे. पोत्यांवर बसला तर कंपनी हात वर करते, आणि न्यायालयांनी तिचे म्हणणे मान्यही केले आहे. गाडीमालकाचा ड्रायव्हर, हमाल यांना कामगार म्हणून संरक्षण आहे. पण रस्त्यात हात दाखवून चढलेला, लग्नाच्या वऱ्हाडातला? २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले, मालट्रकमधल्या अशा प्रवाशाची जबाबदारी कंपनीवर नाही. भरपाई मिळते, पण गाडीमालकाकडून. त्याच्याजवळ एकच ट्रक, तोही कर्जाचा, मग वसूल काय होणार? कधी न्यायालय कंपनीला आधी पैसे भरून मग मालकाकडून वसूल करायला लावते. त्या भरवशावर बसू नका.

म्हणून संत्रा असो की सोयाबीन, सोबत जाणार असाल तर बिल्टीवर तुमचे नाव, गाडी नंबर आणि मालाचे वजन लिहून घ्या. हुंडेकरी म्हणेल, ‘बिल्टी नंतर देतो.’ नंतर म्हणजे कधी? अपघात झाल्यावर तो ओळखही देत नाही.

दुःख पडले तर पहिल्या आठवड्यात कोऱ्या कागदावर सही करू नका, आपसातल्या ‘समझोत्या’वर तर नाहीच. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांच्या नकला घ्या. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात लावता येतो. अपघात झाला त्या गावी खेटे घालायची गरज नाही. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, पण तुम्ही त्या निकालाची वाट पाहू नका. चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. धडक देऊन गाडी पळाली, सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून २ लाख आणि ५० हजार.

आता जरा कडू बोलतो. आपण नेहमी मागणाऱ्यांच्या बाजूने बोलतो, पण कापूस वेचणीला वीस बाया ट्रॉलीत बसवून नेतो तो आपल्यातलाच ट्रॅक्टरवाला आहे. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून तो निवांत असतो. ट्रॉलीची वेगळी नोंद आणि विमा आहे काय, त्यात माणसे बसवायला मुभा आहे काय, हे त्याने कधी वाचलेले नसते. ट्रॉली उलटली आणि कंपनी सुटली, तर निवाडा त्याच्या नावावर येतो. न्यायाधिकरणाने दाखला दिला की जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. म्हणजे गोष्ट सातबाऱ्यापर्यंत जाते. मेलेल्या बाईच्या घरीही हातात काही पडत नाही आणि ट्रॅक्टरवाल्याचे वावरही जाते.

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी पुढच्या बैठकीला पॉलिसीचा कागद घेऊन यावे. पावती नको, पूर्ण कागद. मागच्या पानावरचा बारीक मजकूर इथेच बसून वाचू.