जखमी हृदय आणि मूलपेशी



कातडी चिरली तर आठ दिवसांत भरून येते, मोडलेलें हाडही सांधतें. मग झटक्यानें दुखावलेलें हृदय पूर्ववत् कां होत नाहीं? हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी गुठळीनें बंद झाली, म्हणजे त्या भागांतील स्नायु कांहीं तासांत मरून जातो. मोठ्या झटक्यांत सुमारें शंभर कोटी पेशी नष्ट होऊं शकतात. त्यांच्या जागीं जो वण राहतो, त्याला आकुंचन पावतां येत नाहीं. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं असें दाखविलें कीं, पंचविशींतील माणसाच्या हृदयांतही वर्षाकाठीं शंभर स्नायुपेशींमागें एकच नवी होते. पंचाहत्तरींत हें प्रमाण निम्म्याहून खालीं येतें.

या मंद दुरुस्तीला मदत करावी म्हणून मूलपेशींचा, म्हणजे स्टेम सेल्सचा, उपाय पुढें आला. रुग्णाच्याच कमरेच्या हाडांतून अस्थिमज्जा काढावयाची, तींतील पेशी वेगळ्या करावयाच्या आणि बारीक नळीनें हृदयाच्या रोहिणींत सोडावयाच्या. पेशी स्वतःच्याच असल्यामुळें शरीर त्यांना परक्या मानीत नाहीं. जर्मनींत ड्युसेलडॉर्फ येथें २००१ सालीं डॉक्टर श्ट्राउअर यांनीं हा प्रयोग केला. पुढें २००६ सालीं दोन परीक्षणें एकदमच प्रसिद्ध झालीं. फ्रँकफुर्टच्या डॉक्टरांना २०४ रुग्णांच्या परीक्षणांत थोडी सुधारणा दिसली. नॉर्वेच्या डॉक्टरांना कांहींच दिसली नाहीं. युरोपांतील बामी नांवाच्या परीक्षणांत तीन हजार रुग्ण घ्यावयाचे होते, पण ३७५ च मिळाले. त्याचा निकाल २०२० सालीं लागला. दोन वर्षांत पेशी दिलेल्यांपैकीं सहा व न दिलेल्यांपैकीं सात दगावले. यावरून गुण ठरवितां येईना. मात्र एक गोष्ट कळली. या सर्वांची बंद रोहिणी आधींच उघडलेली होती, म्हणून दोन्ही गटांत मृत्यु थोडे झाले.

हें सांगण्याचें कारण असें. भोर तालुक्यांतील आमच्या भोंगवली गांवीं एका तरुणानें मला विचारलें, "गुरुजी, वावर विकून वडिलांना हें इंजेक्शन द्यावें काय?" मी म्हटलें, "वावर विकूं नकोस." भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणें, रक्ताचे कांहीं विकार सोडले तर मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त परीक्षणांतच करावयाचा असतो, आणि परीक्षणांतील रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यावयाचे नसतात. जो पैसे मागतो, त्याला परीक्षणाचा नोंदणी क्रमांक विचारावा.

वडिलांचीं औषधें मात्र चुकवूं नयेत. आणि कोणाच्याही छातींत दडपण आलें, हातांत कळ गेली, दरदरून घाम सुटला, तर "वात असेल, सकाळीं पाहूं" असें म्हणूं नये. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती लागलीच बोलवावी. खेड्यांतून शहराच्या रुग्णालयापर्यंतच्या वाटेंत जो तास वांचेल, त्यांत वांचलेला स्नायु परत उगवावा लागत नाहीं. संशोधन चालूं द्या. तोंवर घड्याळाकडे लक्ष असूं द्या.