मेंदूचा नकाशा आणि आपली संमती



समितीने आम्हाला पाच मिनिटं दिली आहेत आणि बाहेर बटाटेवडे तळायला घेतले आहेत, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

आजची मदत स्मृतिभ्रंशाच्या संशोधनासाठी आहे. आमची आजी शेवटची काही वर्षं इथे लंडनला आमच्याजवळ होती, पण आम्हाला ओळखत नव्हती. स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, मेंदू आकसलाय. हे कुठून सुरू झालं, ते मात्र त्या चित्रात दिसेना. आम्ही पडलो संगणकवाले, चौकशी केली. इस्पितळातल्या सीटी स्कॅनचा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. मेंदूतल्या केशवाहिन्या त्याहून कितीतरी बारीक!

1906 मध्ये डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी एका मृत रुग्णाच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा हा आजार प्रथम ध्यानात आला. आजही असेच पातळ काप तपासतात. पण शितावरून भाताची परीक्षा होते, अख्ख्या मेंदूची होत नाही.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलला 844 मीटर परिघाचं सिंक्रोट्रॉन आहे. त्यात प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉन्सपासून अतिप्रखर क्ष-किरण मिळतात. साध्या एक्स-रेत हाड उठून दिसतं, मऊ भाग जवळजवळ सारखेच दिसतात. पण मऊ भागातून जाताना किरणांच्या लहरी किंचित मागेपुढे होतात. तो फरक टिपून तिथल्या आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. मेंदू न कापता, आधी सगळा सुमारे 25 मायक्रॉनच्या ठिपक्यांनी आणि मग हव्या त्या जागी साधारण एका मायक्रॉनपर्यंत जवळ जाऊन बघता येतो. आपला केस 70-80 मायक्रॉन जाड असतो! आणि मेंदू हलू नये म्हणून तो कशात बसवतात? अगर-अगरमध्ये, म्हणजे काकूंच्या डब्यातल्या चायना ग्रासमध्ये!

याने आजार बरा होत नाही. पण तो कुठल्या वाहिनीपाशी, कुठल्या थरात आहे, याचा नकाशा मिळतो. नकाशाशिवाय औषध शोधणं म्हणजे अंधारात चाचपडणंच.

आता खरी अडचण. एवढे क्ष-किरण जिवंत माणसावर सोडता येत नाहीत. त्यामुळे मेंदू लागतो तो दान केलेला. आजाऱ्याचा हवा, तसाच तुलनेसाठी निरोगी माणसाचाही. इथे ब्रिटनमध्ये अवयवदानाच्या यादीत नाव असलं, तरी मेंदूदानाची संमती वेगळी द्यावी लागते. त्यानंतरही अंत्यसंस्कार नेहमीसारखे करता येतात.

आजी गेली तेव्हा हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तरी बाबांपाशी विषय काढायचं धाडस झालं असतं का, कोण जाणे. मरणाचं बोलणं आपल्याकडे अशुभ ना!

तेव्हा मंडळी, देणगीच्या पेटीत सढळ हाताने टाकाच. पण घरी गेल्यावर चहा घेताना हा विषयही एकदा काढा. आमच्या घरी मागच्या महिन्यात निघाला. आई आधी रागावली, मग म्हणाली, "फॉर्म आण, वाचून तरी बघते."