घरातला परका

ज्या पंक्तीत आपण जेवतो त्या पंक्तीचा वृत्तांत लिहून गुपचूप दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा, हा व्यवसाय फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तापसाच्या, गृहस्थाच्या, भिक्षुकीच्या वेषांत वावरणाऱ्या हेरांचे तपशीलवार वर्णन आहे. परंतु इंग्रजी अमदानीत या व्यवसायाला कायमची कचेरी, दप्तर आणि कायद्याचे पाठबळ कसे लाभले, हे पाहू गेल्यास जबलपूरकडे, तेथील गोऱ्या साहेबांच्या वस्तीकडे, म्हणजे सिव्हिल लाइन्सकडे वळावे लागते.

१८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. ते इंग्रजांकडे गेले आणि नर्मदाकाठच्या या मुलखात कंपनीचे अधिकारी येऊन बसले. मिर्झापुराकडून नागपूर आणि दक्षिणेकडे जाणारा हमरस्ता येथूनच जाई. रजेवर घरी निघालेले शिपाई, सावकारांची रोकड नेणारे जासूद, यात्रेकरू यांची त्यावर सतत वर्दळ असे. ठगांची शिकार हीच. ठग हा दरोडेखोरासारखा अंगावर धावून येत नसे. तो वाटेत भेटे, रामराम करी, सोबतीने प्रवास करू या म्हणे. दोनचार मुक्काम एकत्र होत, एकमेकांच्या गावच्या गोष्टी निघत, आणि विश्वास पुरता बसला की एखाद्या आमराईत रुमालाचा फास पडे. विश्वास संपादन करणे हेच त्याचे खरे हत्यार होते; रुमाल नंतरचा.

विल्यम स्लीमन हा अधिकारी १८२२ ते १८२४ या काळात नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होता. आपल्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावात, ठगांची एक टोळी राहत होती आणि आपणांस त्याचा पत्ताही नव्हता, असे त्याने पुढे स्वतःच छापून कबूल केले. जिल्ह्यात घडणारी कोणतीही गोष्ट आपल्या नजरेतून सुटत नाही, अशी समजूत बाळगणाऱ्या अधिकाऱ्याने असे लिहून ठेवावे, हे कोणत्याही राजवटीत विरळाच!

कदाचित या लज्जेतूनच पुढची पद्धत जन्मास आली असेल. चौकी-पहाऱ्यांनी जे कळत नाही ते आतल्या माणसाकडूनच कळेल, हे स्लीमनने ओळखले. पकडलेल्या ठगाला फाशी माफ करावयाची आणि त्याने आपल्या साथीदारांची नावे, गावे, कुळी सांगावयाची. फिरंगिया या नामांकित जमादाराला १८३० च्या सुमारास पकडण्यात आले, तेव्हा त्याने सालोहद्याच्या आमराईत जागा दाखवून प्रेते उकरून दिली. स्लीमनचा मुक्काम त्याच आमराईत होता. मग माफीच्या साक्षीदारांची रांगच लागली. शिपायांच्या तुकड्यांबरोबर त्यांना गावोगाव धाडण्यात येई. बाजारात, यात्रेत जुना सोबती दिसला की त्याने बोट करावयाचे. त्यांच्याकडून ठगांची सांकेतिक भाषा उतरवून घेतली गेली आणि १८३६ मध्ये ‘रामसीआना’ या नावाने तिचा कोश कलकत्त्यास छापला गेला. त्याच साली झालेल्या तिसाव्या कायद्याने, कोणताही विशिष्ट खून शाबीत न होता, ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली.

येथे थोडे थांबावयास हवे. रस्ते निर्धोक झाले हे कोणीही नाकारणार नाही. वाटेतच नाहीशा झालेल्या माणसांची घरे हजारो होती. परंतु आरोपीचे टोळीत असणे ज्याच्या जबानीवर ठरे, त्या साक्षीदाराचे स्वतःचे जगणे त्या जबानीवरच टांगलेले होते. नावे सांगत राहणे हीच त्याची रोजी होती. दुसऱ्या माफीच्या साक्षीदाराची जबानी जुळली की पुरावा पुरा होई. आणि ते दोघेही एकाच हुकमाखाली, एकाच पहाऱ्यात राहत! अलीकडील इतिहाससंशोधकांनी या दप्तरावर शंका घेतल्या आहेत त्या याच ठिकाणी. ठग नव्हतेच असे म्हणणे अतिरेकाचे ठरेल. पण साध्या लुटारूला, भटक्या फकिराला, वैरातून गोवलेल्या कुळवाड्याला त्या कागदांतून वेगळा काढणे आज दुरापास्त झाले आहे.

आणि साक्षीदाराचे काय झाले? त्याला जीवदान मिळाले. सुटका मिळाली नाही. गावी परतता येत नव्हते, कारण सगेसोयरे त्याच्याच जबानीने फासावर गेलेले. सरकारही त्याला मोकळे सोडावयास धजत नव्हते. जबलपुरातच त्यांची पहाऱ्यातली वस्ती झाली आणि १८३७ मध्ये त्यांच्यासाठी उद्योगशाळा निघाली. तंबू शिवणे, सतरंज्या आणि गालिचे विणणे ही कामे तेथे चालत. साक्षीदारांची मुलेही त्याच आवारात मागावर बसली. बापाने फितुरी केली आणि मुलाने गालिचा विणला, एवढाच काय तो दोन पिढ्यांचा हिशेब.

स्लीमनचे खाते मात्र ठग संपले तरी संपले नाही. १८३९ मध्ये दरोडेखोरीचा बंदोबस्त त्याच्याकडे आला. १९०४ मध्ये कर्झनच्या कारकीर्दीत ते खाते मोडून त्यातूनच मध्यवर्ती गुन्हा-अन्वेषण खाते उभे करण्यात आले, आणि त्याचा मोहरा लौकरच राजकीय चळवळींकडे वळला. महामार्गावरील मारेकऱ्यांसाठी बसविलेली घडी आता सभा, वसतिगृहे आणि आश्रम यांना लावण्यात आली.

ही विद्या केवळ परक्या राजवटींचीच, असे मात्र नाही. इंग्लंडातील मार्क केनेडी हा पोलीस अधिकारी २००३ ते २०१० ही सात वर्षे ‘मार्क स्टोन’ हे नाव धारण करून पर्यावरणवादी तरुणांत राहिला. त्यांच्या छावण्यांत वावरला, गाडी हाकली, हात सैल ठेवून मित्र जोडले. इतकेच नव्हे, तर स्त्रियांशी दीर्घकाळचे संबंध जोडले. २००९ च्या एप्रिलमध्ये, वीजकेंद्रावर चढाई करण्याच्या बेतात असलेल्या ११४ जणांना नॉटिंगहॅममध्ये अटक झाली. पुढे त्याने गुप्तपणे केलेले ध्वनिमुद्रण बचावपक्षापासून दडविल्याचे उघड झाले आणि २०११ मध्ये वीस जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. त्याने फसविलेल्या एका स्त्रीच्या बाजूने २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने निकाल दिला, तो मूलभूत हक्कांच्या भंगाचा. इतका काळ शेजारी बसलेला माणूस कोण होता, हे कळल्यावर मागचा तो काळ कोठे ठेवावयाचा, याचे उत्तर कोणत्याही निकालपत्रात नसते.

पाळतीला निरुत्तर करणारा एक प्रयोग मात्र त्याच्या फार आधी, १९१७ मध्ये, बिहारातील चंपारणात होऊन गेला होता. विघ्यातील तीन कठ्ठ्यांत मळेवाल्यांसाठी सक्तीने नीळ पेरावी लागणाऱ्या कुळांच्या तक्रारी नोंदवावयास गांधीजी तेथे गेले. बरोबर वकीलमंडळी होती. प्रत्येकाचा आचारी निराळा, चूल निराळी. गांधीजींनी नोकर कमी करून एकच स्वयंपाकघर केले. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या; बेळगावच्या गंगाधरराव देशपांड्यांनी बाबासाहेब सोमण आणि पुंडलिक यांना धाडले. खेड्यांत शाळा निघाल्या. भितिहरवा येथील शाळेची झोपडी एका रात्री जळाली. संशय मळेवाल्यांच्या माणसांवर गेला. सोमणांनी तेथे पक्के घर उभे केले.

अशा मंडळीत गुप्त पोलीस नसतील हे शक्यच नव्हते. जबान्या चालत तेथे ते हजर असत. त्यांना मज्जाव करता आला असता. पण गांधीजींनी पहिल्यापासून ठरविले की, त्यांना सौजन्याने वागवावयाचे आणि देता येईल ती माहिती आपण होऊन द्यावयाची. याचा परिणाम त्यांनी आत्मकथेत नमूद केला आहे. पोलिसांदेखत बोलल्यामुळे कुळांची भीती गेली. आणि तेच पोलीस ऐकत असल्यामुळे अतिशयोक्तीलाही आळा बसला. जबलपूरच्या बंद पहाऱ्यात ज्या ऐकणाऱ्याने नावांची संख्या वाढविली, त्याच खात्याच्या वारसाने चंपारणच्या उघड्या ओसरीवर जबान्यांना काटेकोरपणा आणला. हजारो कुळांच्या त्या जबान्या चौकशी समितीसमोर टिकल्या आणि १९१८ च्या कायद्याने तीन कठ्ठ्यांची सक्ती उठली.