आईची आई, तिची आई...



मी इतिहासकार नाही, प्रयोगशाळेत पेशींशी झटापट करणारा माणूस आहे. त्यामुळे आज विषयांतर झालं तर सांभाळून घ्या.

माँट्रियलच्या आमच्या प्रयोगशाळेत सागने भागातली एक सहकारी आहे. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं कागदावर आईचं नाव लिहिलं, मग आईच्या आईचं, असं करत ती थेट सतराव्या शतकात पोचली. सगळ्या बायका, आणि प्रत्येकीचं आडनाव वेगळं! मग कागद माझ्याकडे सरकवला. माझी गाडी पणजीपाशीच अडली. पणजीचं सासरचं नाव ठाऊक होतं, माहेरचं नाही.

तिला हे जमलं, कारण क्वेबेकचे कॅथलिक पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवताना बाईला मरेपर्यंत माहेरच्याच आडनावानं लिहीत. लग्नाच्या नोंदीत बहुधा दोघांच्याही आईवडिलांची नावं असत. नोंदवहीच्या दोन प्रती, एक चर्चमध्ये आणि एक सरकारकडे. म्हणजे एखादं चर्च जळालं तरी माणसं पुसली जात नाहीत. तांगे नावाच्या पाद्रीबाबांनी १८७१ पासून याच नोंदींवरून कुटुंबकोशाचे सात खंड काढले. १९६६ पासून माँट्रियल विद्यापीठानं सगळं संगणकावर आणायला घेतलं.

गंमत म्हणजे पुरुषांचा माग काढताना जास्त दमछाक होते. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर पलटण आली. सैनिकांना टोपणनावं असत, लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे बिनघोर. नोंदीत 'अमुक दी लाफ्लर', आपलं 'ऊर्फ' म्हणा ना. पुढे एक मुलगा मूळ आडनाव लावी, दुसरा ऊर्फ. आपल्याकडेही एका भावाचं आडनाव वतनाचं आणि दुसऱ्याचं गावाचं असतंच की! पुढे काही जण न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेले आणि ब्वाव्हेरचे ग्रीनवुड झाले.

आता माझ्या प्रांतातली गोष्ट. लेबरच्या आजारात डोळ्यांची नस निकामी होते, बहुधा तरुण पुरुषांची. दोष मायटोकाँड्रियाच्या डीएनएत असतो आणि तो फक्त आईकडून येतो. म्हणजे बाईकडून बाईकडे असाच माग काढावा लागतो. क्वेबेकमधल्या बहुतेक रुग्णांत सापडणारा बदल संशोधकांनी असाच मागे नेत १६६९ साली क्वेबेक शहरात लग्न झालेल्या एका स्त्रीपर्यंत नेला. १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजानं स्वखर्चानं ज्या पावणेआठशेच्या आसपास मुली वसाहतीत पाठवल्या, त्यांतली ती एक. आपल्या कुलवृत्तांतांच्या भरवशावर हे संशोधन पहिल्याच पिढीत आटोपलं असतं. तिथे मुलगी 'अमक्यांस दिली' एवढ्यावर संपते.

पण फार भारावून जाऊ नका. याच वह्यांत गुलामही आहेत. मार्सेल त्रुदेल या इतिहासकारानं चार हजारांहून अधिक गुलाम मोजले, बहुतेक इथले मूळ रहिवासी, बाकीचे आफ्रिकी. त्यांतल्या अनेकांपुढे नुसतं बाप्तिस्म्याचं नाव आहे. त्यांच्या आईची आई शोधायची कुठे?

१९८१ पासून क्वेबेकमध्ये लग्नानंतर बाईचं कायदेशीर नाव जन्माचंच राहतं. हौस असली तरी नवऱ्याचं आडनाव घेता येत नाही. मला ही सक्ती जरा जास्तच वाटते, पण आमच्या घरात यावर एकमत नाही! महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव आलं, हे चांगलंच झालं. मात्र येतं ते फक्त तिचं पहिलं नाव. माहेरचं आडनाव नाही. आणि ते पहिलं नाव तरी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं असलं तर?

त्या दिवशी घरी येऊन आईला फोन केला. म्हणाली, "अरे, तिला सगळे काकीच म्हणायचे. आधीचं नाव कुणी विचारलंच नाही."

साताऱ्याला आईची मावशी आहे, नव्वदीच्या घरातली. ऐकायला कमी येतं, पण सकाळी बोलते. येत्या रविवारी तिला फोन लावणार आहे.