टेबलावर ठेवलंय



पुण्यातल्या एका कंपनीत मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी अमेरिकेतल्या साहेबांचा फोन आला. माझ्या प्रस्तावाबद्दल ते म्हणाले, "हा आपण टेबल करू." मी हरखलो. दोन रात्री जागून तक्ते काढले, आकडे घोटले. पुढच्या बैठकीत प्रस्तावाचं नावसुद्धा निघालं नाही. धीर करून विचारलं, तर पलीकडे सगळे गप्प. अमेरिकेत 'टेबल करणं' म्हणजे विषय बाजूला सारणं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी शिकलेलं इंग्रजी पडलं ब्रिटिश. तिथे टेबल करायचं ते चर्चेसाठी. आपल्याकडे कॅगचा अहवाल विधानसभेच्या पटलावर ठेवतात, ते वळण तिकडूनच आलेलं.

माझी नुसती झोप गेली. चर्चिल यांनी महायुद्धाच्या आठवणींत सांगितलेला किस्सा याहून भारी आहे. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर, डिसेंबर १९४१ मध्ये, ब्रिटन आणि अमेरिका, दोन्ही देशांचे सेनाधिकारी वॉशिंग्टनला बसले होते. ब्रिटिशांना एक मसुदा तातडीने चर्चेला घ्यायचा होता, म्हणून ते म्हणाले, टेबल करू. अमेरिकनांनाही तो तितकाच निकडीचा वाटत होता. त्यांना वाटलं, हे तर गुंडाळून ठेवायला निघाले! झाली वादावादी. बऱ्याच वेळाने उमगलं की दोघांनाही एकच हवंय.

'टेबल' हा शब्द मूळचा लॅटिन, अर्थ साधी फळी. तिच्यावर कागद ठेवला की एकाला वाटतं, चला, सगळ्यांसमोर आला. दुसऱ्याला वाटतं, सुटलो, हातातून खाली ठेवला. मला तरी दोघांचंही पटतं. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात हे ठेवणं फार कडक: तशी सूचना आली की तिच्यावर चर्चा नाही, लगेच मतदान, आणि ती मंजूर झाली की विधेयकाचा सहसा निकालच लागला.

या टेबलाला खालची बाजूही आहे, तिथून काय सरकतं ते सांगायला नको.

परवा एका सरकारी कचेरीत गेलो होतो. कारकून म्हणाला, "तुमची फाईल साहेबांच्या टेबलावर आहे." मी नुसती मान डोलावली. ब्रिटिश टेबल की अमेरिकन, हे विचारायचं राहूनच गेलं. फाईल अजून तिथेच आहे.