सिल्वासाचा सैनिक, शिवचरित्राचा शाहीर



२ ऑगस्ट १९५४ रोजी, ऐन पावसाळ्यात, सिल्वासा येथील पोर्तुगीज निशाण उतरले आणि तिरंगा चढला. त्यापूर्वी जुलैच्या उत्तरार्धात दादरा व नरोली मोकळे झाले होते. या कार्यासाठी लता मंगेशकर यांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम करून निधी उभारण्यास साहाय्य केले. राजाभाऊ वाकणकर, सुधीर फडके प्रभृतींसह सिल्वासावर चालून गेलेल्यांत नुकतेच बत्तिसावे वर्ष पूर्ण केलेला एक इतिहासवेडा तरुण होता. त्याचे नाव बळवंत मोरेश्वर पुरंदरे. पुढे अवघा महाराष्ट्र त्यांना बाबासाहेब या नावाने ओळखू लागला.

२९ जुलै १९२२ रोजी जन्मलेल्या बाबासाहेबांची खरी पाठशाळा म्हणजे पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ. तेथे जुन्या मोडी कागदांत ते रमले. गडकोट पायांखाली घातले आणि मग ‘राजा शिवछत्रपती’ हा ग्रंथ सिद्ध केला. तथापि ज्यांच्या हाती ग्रंथ जात नाही, त्यांच्यापर्यंत इतिहास कसा पोहोचावा, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांनी वाणीने दिले. गावोगाव हजारो व्याख्याने झाली. १९८५ साली ‘जाणता राजा’ हे महानाट्य उभे राहिले. दोनशेंहून अधिक कलावंत, हत्ती-घोडे, गोंधळ, पोवाडा आणि निवेदन यांतून शिवकाल डोळ्यांपुढे साकार झाला. स्वतःस इतिहासकार न म्हणविता ते शाहीर म्हणवीत, हेही लक्षणीय होय.

शाहिराची वाणी लोकांना हलवते. परंतु तिला कागदाचा आधार हवा. याची साक्ष सिल्वासाच्याच भूमीने दिली आहे. १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाचा मुलूख देऊ केला, आणि १७८३ व १७८५ मध्ये नगर हवेली व दादरा येथील गावे त्यांच्याकडे गेली. १९५५ साली पोर्तुगालने या मुलखाकडे जाण्याच्या वाटेसंबंधी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. तेथे दोन शतकांपूर्वीच्या मराठी कागदांतील शब्दांचा कीस काढण्यात आला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, मराठ्यांनी दिला तो जहागीर अथवा सरंजामाच्या स्वरूपाचा वसूल होता, सार्वभौमत्व नव्हे. ते पोर्तुगीजांकडे असल्याचे पुढे इंग्रजांनी मानले. सामान्य नागरिक, मुलकी अधिकारी व माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांचा झाला नाही. आणि भारताने काही नियमबाह्य केले नाही, असेही ठरले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश रीतसर भारतात सामील झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवाही मुक्त झाला.

बाबासाहेबांना २०१५ साली महाराष्ट्रभूषण व २०१९ साली पद्मविभूषण हे सन्मान लाभले. पहिल्या सन्मानाला मोठा विरोधही झाला. दादोजी कोंडदेव आणि समर्थ रामदास यांना शिवचरित्रात दिलेल्या स्थानाबद्दल अभ्यासकांनी व संघटनांनी आक्षेप घेतले. हा वाद दडविण्याचे कारण नाही. लाखोंच्या मनात जो चित्र रंगवितो, त्याच्या प्रत्येक रंगाचा जाब लोक विचारणारच. आणि त्या जाबाचे उत्तर टाळ्यांत सापडत नाही, दप्तरातच शोधावे लागते. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, बाबासाहेबांनी देह ठेवला.

देवस्थानाच्या महाजन मंडळींना या चरित्रातून घेण्याजोगे एवढेच. कुळांच्या कथा मुखोमुखी चालत येतात, आणि त्या चालल्याच पाहिजेत. परंतु जुन्या पेट्यांतील सनदा, जमाखर्चाच्या वह्या आणि मोडी रुमाल वाळवीच्या स्वाधीन झाले, तर त्या कथांचा साक्षीदार उरत नाही. बारा हजारांच्या वसुलाचा एक कागद पावणेदोनशे वर्षांनी हेगमध्ये बोलला. गावच्या देवळातील कोणता कागद कधी बोलेल, हे आज कोण सांगेल? तोपर्यंत तो जपून ठेवणे आणि पुढील पिढीतील एखाद्यास मोडी वाचावयास शिकविणे, हीच त्या शाहिराला वाहिलेली खरी श्रद्धांजली ठरेल.