विमान जमिनीवर सांभाळताना

खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने कोणी भरली बैलगाडी उताराला लावली असेल, तर त्याला माझे आजचे बोलणे लवकर पटेल. विषय मात्र विमानाचा आहे. तुम्ही म्हणाल, मोखाड्याच्या डोंगरात सपाट वावर मिळायची मारामार, इथे विमानाचे काय काम? पण आपल्या शेजारच्या जव्हारचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट होते. तेव्हा विषय अगदीच परका नाही. आणि मी बोलणार आहे ते विमान उडवण्याविषयी नव्हे, जमिनीवर हाकण्याविषयी.

मुंबईत जुहूला १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. तिथे शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ साली परवाना मिळवला; भारतात दिला गेलेला तो वैमानिकाचा पहिला परवाना. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्यांचे ‘पस मॉथ’ हे विमान लहानसेच होते. पुढे बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात ‘पुष्पक’ हे दोन माणसांचे विमान तयार झाले. ते १९५८ साली प्रथम उडाले आणि देशातल्या फ्लाइंग क्लबांतून कितीतरी मुले त्याच्यावर शिकली.

या विमानांची बसण्याची तऱ्हा एकच. छातीखाली दोन मोठी चाके आणि शेपटीखाली एक छोटे चाक, किंवा जुन्या विमानांत नुसती पट्टी. नाक आभाळाकडे, शेपूट जमिनीवर. आजच्या शिकाऊ विमानांना बहुधा नाकाखाली चाक असते, त्यामुळे ती सरळ धावतात. शेपटीच्या चाकाचे विमान मात्र सरळ धावायला राजी नसते. असे का?

बैलगाडी बैलांनी पुढे ओढली की चाके मुकाट्याने मागून येतात. तीच गाडी हातांनी मागे सारून पाहा. जरा तिरकी झाली की अधिकच तिरकी होत जाते. सारणाऱ्याला घडोघडी हात फिरवावा लागतो. या विमानाचे तसेच आहे. त्याचे जड अंग मोठ्या चाकांच्या मागे असते. नाक किंचित वळले की मागचे ओझे चाकांना ओलांडून पुढे जाऊ पाहते आणि विमान जागच्या जागी गिरकी घेते. पंखाचे टोक जमिनीला घासते, चाकाचा पाय मोडतो. माणूस बहुधा वाचतो, विमान कामातून जाते.

यावर उपाय पायांत आहे. वैमानिकाच्या पायांखाली शेपटीचे सुकाणू असते. नाक हलू लागताच पायाने थोडेसे दाबायचे, लगेच सोडायचे. उशीर झाला की जोर करावा लागतो, आणि जोर केला की विमान दुसऱ्या बाजूला पळते. शिवाय नाक वर असल्यामुळे पुढचे काही दिसत नाही. म्हणून सावकाश, नागमोडी जायचे. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने वाट पाहायची.

मग वारा. ताशी साठ-पासष्ट किलोमीटर वेगाला हवेत तरंगणारे हे यंत्र. समोरून ताशी चाळीस किलोमीटरचा वारा आला, तर उभ्या विमानाच्या वजनाचा तिसरा हिस्सा तरी तोच उचलून धरतो. म्हणून वारा पुढून तिरका असेल तर हातातला दांडा पोटाशी आणि वाऱ्याच्या बाजूला धरायचा. मागून तिरका असेल तर पुढे आणि वाऱ्यापासून दूर. उड्डाणाच्या वेळी पंख्याच्या फिरण्यानेही नाक एका अंगाला ओढते. पुष्पकचे डावीकडे ओढते, तेव्हा उजवा पाय तयार ठेवायचा.

माझीच फजिती सांगतो. मी शिकत होतो तेव्हाची गोष्ट. तिन्ही चाके एकदम टेकली, धक्का लागला नाही. मी खूष झालो, पाय सैल सोडले आणि कडेला उभ्या मित्रांकडे पाहिले. वारा डावीकडून होता. नाक डावीकडे वळले, मी उजवा पाय दाबला तोवर वेळ गेली होती. उजवा पंख जमिनीला घासला. आमचे गुरुजी खाली उतरले, पंखावरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाले, “बाळ, तू विमान उतरवलेस, पण थांबवले नाहीस.” ते विमान दुरुस्तीला गेले आणि इतर मुलांचे शिकणे तेवढे दिवस अडले. ते मला पंखाच्या ओरखड्याहून अधिक लागले.

तेव्हापासून मी एक नियम पाळला. विमान थांबून, पंखा बंद होऊन, चाकांना ठोकळे लावून आणि पंख व शेपूट खुंट्यांना दोराने बांधून होईपर्यंत उड्डाण संपले असे मानायचे नाही. पावसाळ्याआधी घराचे छप्पर आवळून बांधणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. दोन चाकांची, दांडी असलेली लहान गाडी मुलांना करायला सांगा. ती दांडीने एकदा पुढे ओढायला लावा, एकदा मागून ढकलायला लावा. सरळ कोणती जाते आणि वाकडी कोणती, ते मुलांनाच सांगू द्या. फळ्यावर लिहायचे ते त्यानंतर लिहा.

आणि गाडीवान दादांनो, घाट उतरून गाव दिसले की कासरा सैल सोडायचा मोह तुम्हालाही होत असेल. पण बैल सुटून गाडीचे जू खाली टेकेपर्यंत तो हातात राहू द्या.